यात्रेची गाडी उन्हात गार कशी ठेवाल?



गव्हाणीत शेवटची मोळी पडली, धुराडे थंड झाले, की आपल्याकडे यात्रेचे वेध लागतात. जोतिबा, शिखर शिंगणापूर, तुळजापूर, नाहीतर कोकणात एखादी चक्कर. ऊस गेलेला असतो, खोडव्याला पहिले पाणी झालेले असते आणि घरची मंडळी म्हणतात, ‘आता कुठंतरी न्या बाबा आम्हाला.’ पण आपल्या सवडीचा हा काळ नेमका चैत्र-वैशाखातला, म्हणजे उन्हाच्या तडाख्यातला.

आमच्या भावकीतल्या तीन घरांनी मिळून एक जुनी प्रवासी गाडी घेतली. मागची काही आसने काढून झोपायच्या फळ्या बसवल्या आणि तसा बदल रीतसर नोंदवून घेतला. अशा गाडीला शहरात कॅरॅव्हॅन म्हणतात. राज्य शासनाने २०२१ साली तिच्या पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. आम्ही आपले यात्रेची गाडी म्हणतो. (मालाच्या टेम्पोत किंवा उसाच्या ट्रॉलीत माणसे भरून नेणे कायद्याला मान्य नाही आणि जिवालाही धोक्याचे. त्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही.)

पहिलीच फेरी शिंगणापूरची. मुंगी घाटाने कावडी चढताना बघायच्या म्हणून सगळे उत्साहात. गाडी सकाळी नऊला एका लिंबाच्या सावलीत लावली. नातू झोपला होता, म्हणून आमच्या मातोश्री म्हणाल्या, ‘तुमी जावा, मी हाय हितं.’ काचा दोन बोटे खाली ठेवल्या आणि आम्ही गेलो. गर्दीत वेळेचे भान राहिले नाही. परत येऊन बघतो तर सावली केव्हाच सरकलेली, गाडी भर उन्हात, पत्र्याला हात लावेना. नातवाला शेजारच्या गाडीतल्या बायकांनी रडणे ऐकून बाहेर घेतले होते. मातोश्री मात्र आतच. अंग तापलेले, घामाचा टिपूस नाही आणि बोलणे भलतेच. आम्हाला म्हणाल्या, ‘बैल सोडलं का रं?’ आमच्या घरात बैल नाहीत त्याला वीस वर्षे झाली.

त्यांना उचलून सावलीत घेतले, लुगड्यावर घागरभर पाणी ओतले, टॉवेलने वारा घातला आणि तसेच दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलेत हे बरे केलेत, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता येत नव्हते. मातोश्री वाचल्या. पण ‘काचा उघड्या होत्या की’ हे आमचे म्हणणे किती पोकळ होते ते तेव्हा कळले. उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून जास्त चढू शकते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटे खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. ऊन काचेतून आत येते, आसने-पत्रा तापवते, आणि ती धग मग त्याच काचेतून बाहेर जात नाही.

पुढची दोन वर्षे आम्ही या गाडीच्या मागे लागलो. त्यातले जे उपयोगी पडले ते सांगतो.

पहिली गोष्ट सावलीची. सकाळी दिसणारी सावली दुपारी तिथे नसते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण गाडी लावताना आपण ते विसरतो. गाडी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला लावावी. सकाळी थोडे ऊन लागले तरी चालेल, दुपारनंतर सावली गाडीवर चालत येते. आम्ही नेमकी उलट बाजूला लावली होती.

दुसरी टपाची. आपल्या कोल्हापूर-सातारा भागात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे सगळा मारा टपावर. आम्ही आधी काळी ताडपत्री टपाला चिकटून अंथरली. ती चूक झाली, आत तवा झाला. मग पांढरी ताडपत्री कॅरिअरच्या वर ताणून बांधली, खाली वीतभर जागा मोकळी सोडली. ऊन ताडपत्रीवर अडते आणि मधून वारा वाहतो. एवढ्या एका कामाने जो फरक पडला तो बाकी कशाने नाही. आमच्या आजोबांची तट्ट्याच्या छपराची बैलगाडी हेच करीत होती. तट्ट्या तापत नसे, पुढून-मागून वारा आरपार, आणि शहाणे लोक रात्रीचे गाडी हाकून दुपारी झाडाखाली सोडत. आपण पत्र्याचा डबा घेतला आणि ही अक्कल विसरलो!

तिसरी गोष्ट पाण्याची. कारखान्यात गेलात तर स्प्रे पाँड बघा. कंडेन्सरचे गरम पाणी हवेत उडवतात, त्यातले थोडे वाफ होऊन जाते आणि उरलेले गार होते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्यात सात-आठ लिटर पाण्याला उकळी येईल. आम्ही टपावर, पांढऱ्या ताडपत्रीच्या खाली, गोणपाट अंथरले आणि ठिबकच्या जुन्या नळीला दाभणाने भोके पाडून वीस लिटरच्या कॅनला जोडली. (ठिबकची नवी नळी घेऊ नका, एवढ्याशा उंचीवरून तिला दाब मिळत नाही.) गोणपाट ओले राहिले की खाली पत्रा गार. गाडी चालवण्याआधी कॅन मात्र उतरवायचा, वजन वर असले की वळणावर गाडी झोल खाते. आणि घरी आल्यावर पत्रा कोरडा पुसायचा, नाहीतर गंज धरतो.

माणदेशात ही युक्ती बहारीने चालली. तीच घेऊन आम्ही गणपतीपुळ्याला गेलो आणि फजिती झाली. तिथली हवा आधीच दमट, पाणी उडायलाच तयार नाही. वर ओले, आत घामाने ओले. कोकणात गोणपाट सोडा, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून वाऱ्याच्या आडवी गाडी लावा.

काचांचे पडदे आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावलेले बरे. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापून धग आतच सोडतो. खिडक्यांना डासांची जाळी लावून रात्रभर सगळे उघडे ठेवायचे आणि सकाळी आठच्या आत पडदे पाडायचे. स्वयंपाक बाहेर. शेगडी आत पेटवली की दिवसभराची मेहनत वाया.

पंख्याबद्दल एकच. हवा अंगापेक्षा तापली की कोरडा पंखा झळच मारतो. अंगावर ओले फडके घ्या, मग पंखा लावा. आणि काही मंडळी रात्री इंजिन चालू ठेवून एसीत झोपतात, त्यांना हात जोडून सांगतो, तसे करू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

हे सगळे केले तरी उभ्या, बंद गाडीत म्हातारे माणूस किंवा मूल ठेवायचे नाही, पाच मिनिटेसुद्धा नाही. कुणाला भोवळ आली, बोलणे बरळल्यासारखे वाटले तर आधी सावली, पाणी आणि वारा, आणि लगेच १०८ ला फोन. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

यंदाही शिंगणापूरला गेलो होतो. पांढरी ताडपत्री, ओली गोणपाटे, बाहेरचे पडदे, सगळे जय्यत. आत बसून बघितले तर खरोखर सुसह्य. मातोश्रींना कौतुकाने म्हणालो, ‘आई, आता बसा की आत, गार आहे.’ त्यांनी घोंगडे झाडाखाली पसरले, पानाचा डबा उघडला आणि म्हणाल्या, ‘तुमी बसा जावा. मी हितंच बरी.’