बदल केला, पण पोहोचला का?

१९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ वाया गेली. प्रोग्राममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. त्यामुळे ते बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. त्यांची चिडचिड ऐकून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. कोणती फाइल कशापासून बनते हे एकदा सांगून ठेवायचे. मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहते आणि जे शिळे झाले तेवढेच नव्याने बनवते.

स्टॅटिक वेबसाइटला हाच धोका असतो. तिची पाने वाचक आल्यावर तयार होत नाहीत. आधीच बनवलेल्या एचटीएमएल फाइली सर्व्हर नुसत्या पाठवतो. जेकिल किंवा ह्यूगोसारखे जनरेटर साध्या मजकुरापासून ही पाने बनवतात. मजकूर सुधारून बिल्ड करायचे राहिले, की वाचकाला जुनेच पान दिसते.

हे लक्षात ठेवण्याचे काम आता यंत्राकडे देता येते. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत बदल पुश झाला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवला गेला, की दूरच्या सर्व्हरवर एक कोरे आभासी यंत्र सुरू होते. ते मजकूर उतरवून घेते, ठरलेल्या आवृत्तीचा जनरेटर बसवते, पाने बनवते, तुटलेल्या लिंक तपासते. एखादी पायरी फसली तर काम तिथेच थांबते आणि जुनी साइट चालू राहते. यातले कोरेपण मला सर्वांत मोलाचे वाटते. तुमच्या लॅपटॉपवर कधीकाळी बसवलेले आणि विसरलेले एखादे सॉफ्टवेअर तिथे नसते, त्यामुळे लपलेली उणीव लगेच उघडी पडते. मेक यंत्राचा वेळ वाचवत होते. इथे मुद्दाम सगळे पहिल्यापासून बनवले जाते, आणि छोट्या साइटला त्यासाठी काही सेकंद पुरतात.

शेवटची पायरी, म्हणजे बनलेली पाने वेब सर्व्हरवर चढवणे, नाजूक असते. फाइली एकेक करून चढवल्या तर मध्येच आलेल्या वाचकाला नवे पान आणि जुनी स्टाइलशीट मिळू शकते. म्हणून नवी साइट वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण ठेवतात, तिच्याकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक तयार करतात आणि जुन्या लिंकचे नाव तिला देतात. युनिक्समध्ये हे नामांतर एका फटक्यात होते. अर्धवट अवस्था कुणालाच दिसत नाही. नवी साइट बिघडली तर लिंक पुन्हा जुन्या फोल्डरकडे वळवता येते.

तुमच्या शाळेची, ग्रंथालयाची साइट अजून हातानेच चढवत असाल, तर आज करता त्या पायऱ्या क्रमाने एका फाइलीत लिहून काढा. तीच तुमची पहिली स्क्रिप्ट.