मेकअप नंतर, आधी मेकॅनिक!

सोमवार ते शुक्रवार एसी, मॉनिटर आणि मीटिंग. शनिवारी सकाळी मात्र चिखल, दगड आणि फोर व्हील ड्राइव्ह! हा फंडा आता फक्त फार्महाऊसवाल्या काकांचा राहिलेला नाही. आयटीतली, बँकेतली, अॅड एजन्सीतली यंग मंडळीही जुनी जिप्सी नाहीतर महिंद्राची जीप शोधत फिरताहेत. कारण सिंपल आहे. बॉनेट उघडलं की या गाडीतलं बरंचसं डोळ्यांना दिसतं आणि पान्याने उघडतं.

घोळ होतो तो गाडी दारात आल्यावर. पहिला पगार जातो जाडजूड टायरवर, दुसरा टपावरच्या लाइटवर, तिसरा विंचवर. ब्रेक, बुश, ऑइल सील? ‘ते बघू पुढच्या महिन्यात!’ आणि मग घाटाच्या उतारावर तो पुढचा महिना फार लांब वाटायला लागतो.

आधी कुंडली बघा

जिप्सी आली १९८५ मध्ये, ९७० सीसीच्या इंजिनासह. १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘जिप्सी किंग’ आली आणि २०१८ च्या अखेरीस कंपनीने बुकिंग घेणं थांबवलं. महिंद्राची गोष्ट त्याहून जुनी. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे त्याच घराण्यात प्युजो डिझेल इंजिनाची एमएम ५४० जन्माला आली. या गाड्यांची हाडं सारखीच. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि चारही कोपऱ्यांत पाटे. म्हणून दणकट आणि म्हणूनच कंबर मोडणाऱ्याही! बाजारात दिसणाऱ्या कित्येक गाड्या तर तुमच्याच वयाच्या असतात. तेव्हा जिममध्ये पाठवण्याआधी मेडिकल चेकअप हवाच.

चेकअपची सुरुवात खालून करा. चासीवर नवाकोरा काळा रंग दिसला तर खुश होऊ नका, त्याखाली गंज आहे का ते ठोकून बघा. ब्रेकचे रबरी पाइप, व्हील सिलिंडर, पाट्यांचे बुश आणि शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सगळं तपासून घ्या. जिप्सीत पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने ग्रीस गळतंय? सील गेलंय. साठच्या स्पीडला स्टिअरिंग थडथड उडतंय? नुसतं व्हील बॅलन्सिंग करून सुटू नका, किंग पिनची बेअरिंगही बघायला सांगा. ही कामं फोटोत दिसत नाहीत, पण घरी परत आणतात ती हीच.

मोठ्या टायरचं गणित

‘टायर मोठा म्हणजे गाडी उंच’ हे बरोबर, पण अर्धंच! जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. त्याजागी ३० इंची टायर टाकला की तो होतो ७६२. फरक ९४ मिलिमीटरचा, पण अॅक्सल वर उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी. बदल्यात काय मिळतं? इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये जवळपास १४ टक्के जड काम. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ ने पळत असते. जड चाकं थांबवायला ब्रेक मात्र तेच जुने.

पाटे अॅक्सलच्या खालून वर घेण्याचा जुगाड तर त्याहून भारी. गाडी चार-पाच इंच उंच होते, दिसते एकदम सही! पण वजनाचा तोलही तेवढाच वर जातो. तिरक्या चढावर कलंडायला मग फार कमी निमित्त लागतं. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर खातात आणि ब्रेकचे पाइप तोकडे पडून ताणले जातात. म्हणजे एक बदल केला की त्यामागून चार करावेच लागतात. चारांचं बजेट नसेल तर पहिलाही नको.

ओढ्यात उतरण्याआधी

अॅक्सलवर ब्रीदर नावाची एक चिमुकली नळी असते. चालून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. तेवढं पाणी मग सीलमधून किंवा ब्रीदरमधून आत ओढलं जातं. उपाय एकदम स्वस्त. ब्रीदरला रबरी पाइप जोडून तो बॉनेटपर्यंत वर न्यायचा. ट्रिपनंतर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. पाण्यातून बाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबत थोडं चाला, म्हणजे ड्रम सुकतील.

आणखी एक! या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नाही. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून टशन मारू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू बघतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केस सोसते.

कागदही ‘फोर बाय फोर’ हवेत

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. पुढच्या लोखंडी बुलबारवर तर केंद्राने २०१७ मध्येच लाल शेरा मारलाय. अपघात झाला की न नोंदवलेल्या बदलांवर विमा कंपनी बोट ठेवू शकते, हेही लक्षात असू द्या. स्पर्धेसाठी गाडी आरपार बदललीच, तर ती ट्रकवरून न्यायची. पंधरा वर्षांनंतर फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण आहेच. एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १०,००० रुपये. लिलावातली लष्करी जिप्सी घेताय? कागद हातात, मग पैसे!

खिशाला परवडणारे ‘मॉड’

- प्रेशर गेज आणि छोटा क�ंप्रेसर. चिखलात, वाळूत हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, पकड वाढते. डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायची.
- चासीला बोल्टने पक्के बसवलेले टो हूक, पुढे आणि मागे. पट्टा बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीच अडकवू नका. तो तुटला की गोळीसारखा सुटतो.
- खेचताना बघ्यांना पट्ट्याच्या लांबीपेक्षा दूर उभं करा.
- सोबत दुसरी गाडी. एकट्याने ऑफ-रोडिंग करायचं नाही.

एवढं झालं, आणि सगळ्या गाडीशी एक पावसाळा गट्टी जमली, की मग खुशाल टायरच्या दुकानात जा. तोवर तुम्हालाच कळलेलं असेल, की तुमच्या वाटेला नक्की काय कमी पडतंय. कित्येकदा उत्तर निघतं, काहीच नाही!

काय मग, या शनिवारी आधी गॅरेज?