हिवतापाच्या परोपजीवींतील राखीव संदेश

जनुकाचे प्रतिलेखन होऊन संदेशवाहक आरएनए तयार झाला, की त्यापासून प्रथिन निर्माण होणारच, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. हिवतापाच्या परोपजीवींच्या बाबतीत हे गृहीत सर्वत्र टिकत नाही.

रक्तात फिरणारी मादी युग्मकजनक कोशिका डासाच्या पोटात केव्हा पोहोचेल, हे अनिश्चित असते. पोहोचताच मात्र काही मिनिटांत युग्मके तयार होऊन लवकरच फलन होते. त्यानंतर लागणाऱ्या पी२५ व पी२८ या पृष्ठप्रथिनांचे संदेश ती कोशिका आधीच सिद्ध ठेवते. परंतु त्यांचे भाषांतरण रोखून धरलेले असते. कृंतक प्राण्यांत आढळणाऱ्या प्लास्मोडियम बर्घेई या जातीवरील संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात या रोधनास डोझी नावाचे आरएनए-हेलिकेज आवश्यक असल्याचे दिसून आले. त्याचे जनुक काढून टाकले असता शेकडो संदेशांचे प्रमाण घटले आणि फलन होऊनही युग्मनजाचा विकास खुंटला. म्हणजे डोझी संदेशांना केवळ अडवून धरीत नाही, तर त्यांचे रक्षणही करते.

या व्यवस्थेस व्यावहारिक महत्त्वही आहे. प्लास्मोडियम फॅल्सिपेरममधील पीएफएस२५ हे समतुल्य प्रथिन डासातच प्रकट होते. मानवी प्रतिकारयंत्रणेशी त्याची गाठ पडत नसल्याने त्यात वैविध्य अल्प आहे. म्हणूनच संक्रमणरोधक लसीसाठी ते निवडले गेले. लसीने उत्पन्न झालेले प्रतिपिंड रक्ताबरोबर डासात जाऊन तेथे परोपजीवीस अडवतात. परंतु त्याच कारणामुळे नैसर्गिक संसर्गाने ही प्रतिकारशक्ती पुन्हा जागृत होत नाही. संदेशाचे मौन परोपजीवीस असे दुहेरी उपकारक ठरते.