आलिया: चौथऱ्यावर आणि देशात

शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला घेतला की एकेकाला नावाने पुकारतात. तो वाचनाच्या चौथऱ्यावर चढतो, वाचनाआधी आणि नंतर आशीर्वचन म्हणतो. या मानाला हिब्रूत ‘आलिया’, म्हणजे चढणे, असे नाव आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, असे सात जण; योम किप्पुर हा प्रायश्चित्ताचा दिवस शनिवारी आला नसेल तर त्या दिवशी सहा; सोमवारी-गुरुवारी तीन. पहिला मान कोहेनचा, म्हणजे पुरोहित वंशातल्याचा; दुसरा लेवीचा, म्हणजे लेवी वंशातल्याचा; मग इतरांचा.

इस्रायलला कायमचे राहायला जाणे यालाही आलियाच म्हणतात. जेरुसलेम डोंगरावर वसलेले. जुने यात्रेकरू तिथे खरोखरच चढून जात. १८८२पासून आलेल्या स्थलांतराच्या लाटांना पहिली आलिया, दुसरी आलिया अशी नावे पडली. १९५०च्या कायद्याने प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येण्याचा हक्क दिला. देश सोडून जाणे मात्र ‘येरिदा’, म्हणजे उतरणे. शब्दातच शेरा मारून ठेवलेला!

कोकणातले बेने इस्रायल ज्यू, म्हणजे आपले शनिवार पाळणारे ‘शनवार तेली’, १९४८नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. पण त्यांच्या वाट्याची चढण अवघड निघाली. लग्नाचा प्रश्न आला तेव्हा तिथल्या काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. निदर्शने झाली, लोक धरणे धरून बसले. अखेर १९६४मध्ये, ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असे संसदेने आणि सरकारने जाहीर केले. तिकडे गेल्यावरही मराठी सुटली नाही: ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक याच मंडळींनी इस्रायलमध्ये काढले.