सुई टोचली; हिपॅटायटिस सीची तपासणी कधी?
वापरलेली सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. एचआयव्ही व हिपॅटायटिस बीचे प्रतिबंधक उपाय वेळेत सुरू करावे लागतात.

हिपॅटायटिस सीची लागण अशा अपघातातून क्वचितच होते. धोका 2 टक्क्यांहून कमी. लगेच केलेली रक्ततपासणी फक्त आधीची स्थिती सांगते. विषाणूचा आरएनए 3 ते 6 आठवड्यांनी तपासतात. अँटिबॉडी तयार व्हायला बहुधा 8 ते 11 आठवडे लागतात, म्हणून शेवटची तपासणी 4 ते 6 महिन्यांनी होते. अँटिबॉडी आढळली तरी सध्या विषाणू आहे की नाही, हे आरएनए तपासणीच ठरवते.

यावर लस नाही. पण 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही.