भजन शिबिराला जाताना : गळ्याबरोबर हातही तयार करू



जिथं बचतगट आहे, तिथं बहुतेक ठिकाणी महिला भजनी मंडळही असतं. गाणाऱ्या भरपूर, टाळ तर प्रत्येकीच्या हातात. पण पेटी आणि पखवाज? त्यासाठी कुणाच्या तरी भाऊजींना नाहीतर शेजारच्या मंडळातल्या वादकांना बोलवावं लागतं. ते मोकळे असले तर भजन, नसले तर रद्द. आमच्या मंडळाचंही असंच चालायचं. म्हणून शनिवार-रविवारच्या भजन शिबिराला आम्ही आठ जणी गेलो, ते एक गोष्ट ठरवूनच : गायचं सगळ्यांनी, पण दोघींनी पेटीला आणि दोघींनी पखवाजाला बसायचं. अशा शिबिरात काय शिकायला मिळतं आणि जाण्याआधी काय ठरवावं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट पट्टीची. आपला सा पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा, ती आपली पट्टी. अनेक पुरुष काळी एक, काळी दोन अशा पट्टीत गातात. बऱ्याच बायकांचा गळा काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. वादक बाहेरून आले की पेटी त्यांच्या सवयीच्या पट्टीत वाजते, पखवाजही त्याच सुरात मिळवलेला असतो. मग खालचे सूर आपल्याला लागत नाहीत आणि वर गेलं की घसा ताणतो. घरी येऊन आपण म्हणतो, माझा आवाजच चांगला नाही. बाई गं, आवाज चांगलाच आहे, पट्टी दुसऱ्याची होती! शिबिरात पहिल्या सकाळी प्रत्येकीची पट्टी काढून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट पखवाजाची. त्याच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची असते. डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्यानं आवाज घुमतो. वाजवून झालं की कणीक काढून टाकायची. कणीक किती सैल, किती घट्ट, हे आपल्या हातांना कुणी शिकवायला नको. वादीखाली लाकडी गठ्ठे असतात. हातोडीनं ठोकून वादी ताणली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. उंच पट्टीच्या पखवाजाचं उजवं तोंड लहान असतं. म्हणून विकत घेताना दुकानदाराला आपली पट्टी सांगूनच घ्यावा.

आठ मात्रांचा भजनी ठेका आधी टाळीवर मोजायचा, मग बोल तोंडानं म्हणायचे, मग मांडीवर वाजवायचे आणि त्यानंतर पखवाजावर. दोन दिवसांत कुणी वादक होत नाही. पण एक ठेका संथ लयीत न अडखळता धरता आला, तरी एकादशीचं साधं भजन निभतं.

तिसरी गोष्ट एकत्र बसण्याची. चक्री भजनात गोल बसून एकेकीनं पाळीपाळीनं अभंग घ्यायचा असतो. नव्या वादकांना याचा फार उपयोग होतो, कारण दर अभंगाला चाल बदलते आणि कान उघडा ठेवावा लागतो. अमेरिकेत ब्लूग्रास नावाचं गावाकडचं संगीत आहे. बँजो, फिडल, मँडोलिन ही त्याची वाद्यं. त्याचीही शनिवार-रविवारची शिबिरं भरतात. तिथं शिकाऊ लोकांना वेगळं गोल बसवून सोप्या चाली मुद्दाम संथ वाजवायला देतात. या संगीताचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदाच्या नावातच ‘बॉईज’ म्हणजे मुलगे हा शब्द होता. तरी 1945 च्या ध्वनिमुद्रणात त्या वाद्यवृंदात सॅली अ‍ॅन फॉरेस्टर ही बाई अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवायची पेटी, वाजवत होती.

बाईच्या मांडीवर पखवाज शोभत नाही, असं म्हणणारे भेटतील. त्यांना आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी दाखवा. सातव्या लेण्यात नर्तकीभोवती बसून साथ करणाऱ्या सगळ्या बायकाच आहेत. कुणाकडे बासरी, कुणाकडे चर्मवाद्य. साधारण चौदाशे वर्षांपूर्वीचं हे शिल्प आहे.

घरून विरोध होणंही आपल्या जिल्ह्याला नवं नाही. देवगाव रंगारीला जन्मलेल्या संत बहिणाबाईंना तुकोबांच्या भक्तीपायी नवऱ्याचा मार सोसावा लागला. ते त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवलंय. त्यांची समाधी शिऊरला आहे. आपल्या घरी एवढं नसेलही, पण दोन दिवस स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न येतोच. तो आदल्या दिवशी काढू नका, पंधरा दिवस आधी काढा. एकाच गल्लीतल्या दोघी जाणार असतील तर एकमेकींच्या सासूबाईंशी बोला. शेजारणीचं म्हणणं घरात लवकर पटतं.

जाण्याआधी एवढं ठरवा. एका वाद्याला दोघी असाव्यात, म्हणजे एकीला अडचण आली तरी दुसरी बसेल. मुक्काम, जेवण आणि शौचालयाची सोय आधी विचारून घ्या. गुरुजींची परवानगी घेऊन ठेका मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. वाद्यांसाठी गटाची बचत किंवा कर्जाची रक्कम वापरू नका. भजनाची वर्गणी वेगळी, तिची वहीही वेगळी. वाद्य कुणाच्या घरी राहणार आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, हे ठरावात लिहून घ्या.

खरी परीक्षा परत आल्यावर असते. आमच्याकडे आता आठवड्याच्या बैठकीआधी अर्धा तास पखवाज निघतो. ठेका चुकतो, हसू येतं, पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू करतो. पण ठरलेलं भजन आता वादकांसाठी अडत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एक विषय जास्तीचा घ्या : पखवाजाला कोण बसणार? दोन नावं लिहून घ्या आणि मग शिबिराची चौकशी करा.

राम कृष्ण हरी!