हरवलेला माणूस आणि गावातली कुजबुज

३० जून २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी प्रवासी बस त्याच रात्री दीडच्या सुमारास आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उलटली. जागा सिंदखेडराजाजवळची, समृद्धी महामार्गावर, पिंपळखुटा शिवारात. आत ३३ माणसे होती. बस डाव्या अंगावर पडली, दार खाली दबले, डिझेलने पेट घेतला. २५ माणसे गेली, आठ वाचली.

सकाळ होताच घरोघरचे लोक बुलढाण्याकडे धावले. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता. आपले माणूस यात आहे की नाही? चेहऱ्यावरून ओळख पटवावी अशी स्थिती राहिली नव्हती. डीएनए तपासणीला काही दिवस लागणार होते. शेवटी २ जुलैला बुलढाण्यातच २४ मृतांवर सामुदायिक अंत्यसंस्कार झाले.

आता दुसरी गोष्ट पाहा. अपघात झाल्या झाल्या एक वाक्य सगळीकडे गेले, ‘टायर फुटले.’ वाचलेल्या चालकाने तसे सांगितले होते. दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. पुढे परिवहन अधिकाऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यानंतर चालकाच्या रक्तात मद्याचा अंश आढळल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल प्रसिद्ध झाला. पण पहिले वाक्य सोपे होते, म्हणून ते पुढे धावले. तपास मागून चालत आला.

इतक्या मोठ्या अपघाताबद्दल असे होते, तर एकट्या माणसाबद्दल काय होत असेल? समजा, एक शेतकरी मोटारीने बुलढाण्याहून खामगावला निघाला. खिशात सोयाबीनचे पैसे. वाटेत बोथ्याचा घाट, दोन्ही बाजूंनी ज्ञानगंगेचे जंगल. रात्री घरी पोचला नाही. फोन बंद. तीन दिवसांनी गुराख्याला दरीत उलटलेली गाडी दिसते आणि गाडीत माणूस मेलेला सापडतो.

मग पारावर बोलणे सुरू होते. ‘पैशापायी मारला असन.’ ‘भावाभावात धुऱ्याचा वाद होता म्हणे.’ ‘फोन काहून बंद होता मंग?’ बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसते. अचानक आलेले मरण माणसाला पटत नाही, त्याला कारण हवे असते, आणि कारण मिळेपर्यंत मन स्वस्थ बसत नाही. म्हणून ज्या गोष्टींवर संशयाचा इमला उभा राहतो, त्या एकेक करून तपासून पाहू.

पहिली गोष्ट फोनची. बंद फोन म्हणजे कोणी तरी बंद केलेला फोन, असे आपण धरून चालतो. वास्तविक आदळल्यावर फोन फुटतो, बॅटरी संपते, दरीत किंवा जंगलात रेंजही नसते. टॉवरवरून पोलिसांना जो ठिकाणा कळतो, तोही नेमक्या जागेचा नसून परिसराचा असतो. खेड्यापाड्यांत टॉवर लांब लांब असतात, म्हणून हा परिसर मोठा निघतो. ‘लोकेशन असूनही तीन दिवस का लागले?’ याचे उत्तर बहुतेक वेळा इतके साधे असते.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या खुणांची. ‘रस्त्यावर टायर घासल्याची खूणच नाही, म्हणजे गाडी ढकलून दिली.’ हे अनुमान कच्चे आहे. चालकाचा डोळा लागला तर तो ब्रेक दाबतच नाही. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर झोप मागत असते. रस्ता सरळ आणि एकसारखा असला की गुंगी लवकर येते. शिवाय आजच्या अनेक गाड्यांत चाके जाम होऊ न देणारे ब्रेक असतात, त्यांची खूण फिकी उमटते किंवा उमटतही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, ती प्रेताची. ‘तोंड काळेनिळे होते, जीभ बाहेर आली होती, नाकातून रक्त येत होते, नक्कीच गळा दाबला.’ श्रोतेहो, आपल्या वऱ्हाडच्या उन्हात प्रेत फार लवकर कुजू लागते. पोटात वायू धरतो, चेहरा सुजून काळा पडतो, जीभ बाहेर येते, नाकातोंडातून लालसर पाणी येते. हे सारे मरणानंतरचे बदल आहेत. मेल्यावर रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरून साचते आणि तिथे जांभळे डाग पडतात. ते माराचे वळ वाटतात, पण मार नसतो. जंगलात कोल्हेकुत्रे, मुंग्या, किडे यांनी केलेल्या जखमाही असतात. जखम जिवंतपणीची की मेल्यानंतरची, हे शवविच्छेदन करणारा डॉक्टर पाहून सांगू शकतो. दहा हात लांबून नाकाला रुमाल लावून पाहणाऱ्याला ते सांगता येत नाही.

मग संशय घ्यायचाच नाही का? असे मुळीच नाही. अपघाताच्या आड खूनही होऊ शकतो, आणि म्हणूनच कायद्याने चौकशीची रीत घालून दिली आहे. अपघातात किंवा संशयास्पद रीतीने मृत्यू झाला की पोलिसांना मृत्यूची नोंद करावी लागते. आपल्याकडे तिला ‘मर्ग’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९४ मध्ये ही रीत सांगितली आहे. गावातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमक्ष पंचनामा होतो. प्रेत कसे पडले होते, जखमा कुठे, अंगावर आणि खिशात काय, हे त्यात लिहितात. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असली की प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवतात. गरज वाटली तर पोटातले अवयव, म्हणजे व्हिसेरा, राखून ठेवून प्रयोगशाळेकडे धाडतात. विष किंवा मद्य होते का, हे तिथे कळते.

आपल्याला शंका असेल तर तिची जागा पार नव्हे, ठाणे आहे. जबाब लेखी द्यावा. पंच व्हायला सांगितले तर मागे सरू नये, आणि न वाचता सहीही करू नये. तसेच गर्दीने गाडीला हात लावू नये, सामान हलवू नये. खरोखरीच घातपात असला, तर त्याचा पुरावा आपल्याच पायांखाली तुडवला जातो.

कोणी घरी परतले नाही तर चोवीस तास थांबावे लागते, ही समजूत चुकीची आहे. तक्रार लगेच देता येते. हरवलेले मूल अठरा वर्षांखालचे असेल, तर अपहरण झाले असे धरून गुन्हाच नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. तक्रार देताना फोटोबरोबर कपड्यांचा रंग, जुनी शस्त्रक्रिया, दातांची ठेवण आणि हातावरचे गोंदण आवर्जून सांगावे. बेवारस म्हणून पडलेले माणूस अशाच एखाद्या खुणेने आपल्या घरी पोचते.

रस्त्याकडेला उलटलेली गाडी दिसूनही लोक पुढे निघून जातात. ‘पोलिसांची झंझट नको,’ म्हणतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला स्वतःचे नावही सांगण्याची सक्ती करता येत नाही. ११२ वर फोन केला की पोलीस आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते. दरीतला माणूस तिसऱ्या दिवशी मेलेला सापडण्याऐवजी पहिल्या तासात जिवंत सापडू शकतो, तो या एका फोनमुळे.

कुजबुजीची किंमत कोण देते, तेही पाहा. ज्या भावाचे नाव पारावर घेतले जाते, त्याची मुले शाळेत मान खाली घालून बसतात. विधवेला सांत्वनाऐवजी प्रश्न ऐकावे लागतात. ज्याने खरेच काही पाहिले असते, तोही भीतीने गप्प बसतो. आणि जिथे प्रेतच सापडत नाही, तिथली गोष्ट आणखी कठीण. सात वर्षे ज्याची वार्ता नाही, तो मृत धरता येतो, असा कायदा आहे. पूर्वी तो पुरावा कायद्यात होता, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम १११ आहे. तोपर्यंत सातबाऱ्यावर वारस लागणे, विम्याचा दावा, सारे अडून राहते. अशा घराला पक्की खबर हवी असते. ‘त्याला अमक्या गावी पाहिला म्हणे’ अशी फुकाची आशा त्या घराला पुन्हा पुन्हा मारते.

अफवा जीवही घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भटक्यांना ठार केले. त्यांच्यातल्या कोणीही मूल पळवले नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक छोटा पाठ घेऊन पाहा. फळ्यावर तीन रकाने आखा, ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘वाटले’. गावात नुकतीच घडलेली एखादी साधी गोष्ट घ्या, कोणाचे दुःख नव्हे. मुलांना प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात लिहू द्या. पहिला रकाना किती आखूड राहतो, हे मुलांना आपोआप दिसेल. फोनवर आलेला संदेश कोणत्या रकान्यात बसतो, तेही विचारा.

मोठ्यांनीही बोलण्याआधी मनात हे तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यातले पोलिसांना सांगावे. दुसऱ्यातले, कोणाकडून ऐकले त्या नावासकट, तेही त्यांनाच सांगावे. तिसऱ्या रकान्यातले मात्र आपल्यापाशीच ठेवावे, आणि त्या घरी जाऊन चूल पेटली आहे की नाही ते आधी पाहावे.